मनीच्या वाटा आधी मोकळ्या करा

वाचकाचं पत्र

नमस्कार. आमच्याकडे सहा वर्षांची मनी आहे. वाडीतच जन्मलेली, घरात वाढलेली, ऑपरेशन झालेली. गेल्या शनिवारी मुलाने शेजारच्या वाडीतून दोन महिन्यांचं गावठी कुत्र्याचं पिल्लू आणलं. मोत्या नाव ठेवलंय. ओळख व्हावी म्हणून मुलांनी त्याला उचलून थेट मनीच्या तोंडासमोर धरलं. तिने फिस्कारून पंजा मारला, मोत्याच्या नाकावर ओरखडा आला आणि मनी माळ्यावर गेली ती गेलीच. रात्री सगळे निजले की खाली उतरते, चार घास खाते आणि परत वर. मोत्या दिवसभर शिडीखाली बसून भुंकतो, तिची मासळीही तोच फस्त करतो. सासूबाई म्हणतात, होईल आपोआप सवय. पण स्वतःच्या घरात ती चोरासारखी वावरते हे बघवत नाही. तीन आठवड्यांवर गणपती आलेत, मुंबईची पंधरा माणसं येणार. पिल्लू परत देऊ का?

– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर

ताई, पिल्लू इतक्यात परत देऊ नका. पण दोघांना समोरासमोर आणणं आजपासून बंद. निदान दहा दिवस मनीला मोत्या दिसता कामा नये, आणि मोत्याला मनी.

कुत्रा माणसाला धरून राहतो, मांजर घराला धरून राहतं, हे कोकणात कुणाला सांगायला नको. मनीचं घर म्हणजे तिच्या वाटा: चुलीजवळची ऊब, ओटीवरची उन्हाची जागा, परसात जायचं मागचं दार, रात्रीचा माळा. मोत्या शिडीखाली बसला की या सगळ्या वाटा एकदम तुटतात. तिला राग मोत्याचा कमी आणि वाटा गेल्याचा जास्त आहे. म्हणून मैत्री वगैरे बाजूला ठेवा. आधी तिच्या वाटा तिला परत द्या, पुढचं बरंचसं त्यातूनच सुटतं.

दोन गोष्टी मात्र आजच बघा. मोत्याचा ओरखडा डोळ्याच्या जवळ आहे का? मांजराचं नख पिल्लाच्या बुबुळाला लागणं ही अशा भेटींमधली नेहमीची इजा आहे. डोळा मिटलेला राहतोय, पाणी येतंय किंवा बुबुळावर पांढुरकी झाक दिसतेय, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, घरचा थेंबही घालू नका. ओरखडा नुसता नाकावर असेल तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा लहान चमचा मीठ घालून त्याने दिवसातून दोनदा पुसलं की पुरे. दुसरी गोष्ट मनीचं खाणं. चार घास का होईना खाते, ही चांगली खूण आहे. मांजराने पूर्ण दिवस, म्हणजे 24 तास, काहीच खाल्लं नाही तर थांबू नका. दोन-तीन दिवसांच्या उपासाने मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि ते निकामी होऊ लागतं, अंगाने भरलेल्या मांजराला तर धोका अधिकच. रुसली आहे, भूक लागली की खाईल, हा हिशोब मांजराच्या बाबतीत चालत नाही.

आता घराची मांडणी. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या दारात एक आडोसा करून घ्या. बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर कोंबड्यांच्या खुराड्याला मारतात ती बारीक तारेची जाळी ठोका. उंची अडीच ते तीन फूट. मनी एवढं सहज उडी मारून ओलांडेल, मोत्याला पुढचे काही महिने तरी जमणार नाही. खाली चार बोटांपेक्षा जास्त फट ठेवू नका, पिल्लू तोंड घालून उकरत बसतं. पहिले दहा दिवस या जाळीवर गोणपाट टांगा, म्हणजे आवाज आणि वास जाईल पण काही दिसणार नाही. मोत्या पडवी आणि माजघरात, मनी स्वयंपाकघर, परस आणि माळ्यावर, अशी वाटणी करा. तुमच्या घरात शिडी माजघरात असेल तर मोत्याला पडवीतच ठेवा. शिडी कोणत्याही परिस्थितीत मनीच्या बाजूला राहिली पाहिजे.

पण एकच शिडी म्हणजे एकच वाट. खाली कुणी बसलं की मांजर वर अडकलं, आणि अडकलेलं मांजर पंजा मारतं. म्हणून माळ्यावरून उतरायची दुसरी वाट करा. माळ्याच्या कडेवरून कपाटाच्या माथ्यावर आणि तिथून खिडकीच्या कट्ट्यावर अशी एक फळी टाका. आठ-नऊ इंच रुंद हवी, दोन्ही टोकांना खिळ्यांनी पक्की, हलता कामा नये. एकदा फळी डगमगली की मांजर पुन्हा तिच्यावर पाय ठेवत नाही. फळी गुळगुळीत असेल तर तिला सुंभ घट्ट गुंडाळा, वेटोळ्याला वेटोळं लावून, मध्ये फट न ठेवता. काथ्यात नखं रुततात म्हणून चढताना पाय घसरत नाही, आणि मनी तिथे नखंही घासते. नखं घासणं म्हणजे नुसती धार लावणं नव्हे, पंज्यातल्या ग्रंथींचा वास ती तिथे सोडते. ही जागा माझी, असं तिने पुन्हा लिहून ठेवलं की अर्धी भीती उतरते. फळी बसवल्यावर तिला उचलून वर ठेवू नका. कट्ट्यावर उकडलेल्या बांगड्याचे दोन तुकडे ठेवा आणि निघून जा.

तिचं जेवण आता जमिनीवर नको. खिडकीचा कट्टा, फडताळ, ओट्याचा कोपरा, जमिनीपासून तीन फुटांच्या वर कुठेही. पाणी जेवणापासून वेगळ्या जागी. मोत्याला दिवसातून चार वेळा थोडं थोडं, तीन महिन्यांचा झाला की तीन वेळा. 20 मिनिटांनी दोघांच्याही ताटल्या उचला, उरलंसुरलं पडून राहिलं की भांडण तिथूनच सुरू होतं. मासळीबद्दल एवढंच, की दोघांनाही शिजवून, काटा काढून द्या. काही कच्च्या माशांत ब-1 जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो. रोज कच्चं खाणाऱ्या मांजराला त्यातून झटके येण्यापर्यंत त्रास होतो, शिजवल्यावर तो घटक राहत नाही. सुकट, सुका जवळा फार खारट, दोघांनाही नको. आणि मोत्याचा दूधभात हे मनीचं जेवण नाही. मांजराला प्राण्यांच्या मांसातूनच मिळणारं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, त्याच्याशिवाय तिची नजर आणि हृदय दोन्ही जातात.

सध्या पाऊस आहे, म्हणजे मनी शीसाठी बाहेर जायला टाळाटाळ करत असणार, त्यात भीती. तिच्या बाजूला, जेवणापासून लांब, एका पसरट घमेल्यात तीन-चार बोटं कोरडी वाळू किंवा लाकडाचा भुसा ठेवा आणि रोज काढा. घमेलं मोत्याच्या तोंडाला लागेल असं ठेवू नका. पिल्लं मांजराची शी आवडीने खातात, त्यातून जंत येतात, आणि शीला बसलेल्या मांजराला कुणी एकदा गाठलं की ते घमेलं कायमचं सोडतं. मग अंथरुणावर, तांदळाच्या पोत्यावर घाण सुरू होते आणि दोष मांजराला लागतो.

आता वासाचं काम. मांजर आधी नाकाने ओळखतं, मग डोळ्यांनी. अंगाने सगळ्यात शेवटी. मुलांनी पहिल्याच दिवशी हा क्रम उलटा केला, तिथेच बिनसलं. जुन्या सुती साडीचे हातभर लांबीचे दोन तुकडे फाडा, साबणाचा वास नसलेले. एक मनीच्या गालांवरून आणि हनुवटीखालून हळू फिरवा, तिथे तिच्या वासाच्या ग्रंथी असतात. ती खाली येत नसेल तर तिच्या झोपायच्या जागी रात्रभर ठेवलात तरी चालेल. दुसरा मोत्याच्या अंथरुणात ठेवा. मग अदलाबदल करा. मोत्याकडे मनीचा तुकडा सरळ त्याच्या ताटलीशेजारी ठेवा, त्याला काही वाटणार नाही. मनीकडे मात्र मोत्याचा तुकडा तिच्या जेवणापासून सहा-सात फुटांवर. ती थांबली, हुंगलं, कान मागे केले आणि तरी खाल्लं, तर दुसऱ्या दिवशी एक वीत जवळ. जेवण सोडून गेली तर दोन वीत मागे. मोत्याचा तुकडा तिच्या ताटलीखाली आला आणि ती शेपूट स्थिर ठेवून जेवली, म्हणजे हा टप्पा झाला. कधी चार दिवसांत होतो, कधी दहा लागतात. तुमच्याकडे सुरुवात बिघडलेली असल्याने दहा धरून चला.

याच दिवसांत रोज अर्धा तास जागांची अदलाबदल करा. मोत्याला मुलगा परसात किंवा खळ्यात घेऊन गेला की आडोसा उघडा आणि मनीला माजघर, पडवी, ओटी हिंडू द्या. ती मोत्याचं अंथरूण हुंगेल, फिस्कारेल, कदाचित त्याच्याच गोणपाटावर नखं घासेल. घासू द्या.

गोणपाट वर करायचा दिवस ठरवण्याआधी मोत्याला दोन शब्द पक्के शिकवा: नाव घेतलं की वळून बघणं, आणि 'बस'. उकडलेल्या कोंबडीचे वाटाण्याएवढे तुकडे हाताशी ठेवा. नाव घेतलं, वळला, तुकडा. दिवसातून पाच वेळा, दर वेळी दोन मिनिटं. आठवडाभरात येतं. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसाचे 18 ते 20 तास झोपतं, उरलेल्या वेळात ते पेटलेलं असतं. मांजरासमोर त्याला कधी आणायचं हे त्यावरून ठरवा. परसात धावून आलेला, मुतून झालेला, पोट भरलेला, डोळ्यांवर झापड आलेला मोत्या आणि नुकता उठलेला मोत्या हे दोन वेगळे प्राणी आहेत. पहिल्याला आणा.

मोत्याच्या छातीवरून जाणारा पट्टा आणि चार-पाच फुटांची सुती दोरी घ्या. गळ्याला दोर बांधू नका, झेप घेतली की नरडं आवळतं. मग ज्या वेळी मनी कट्ट्यावर जेवत असेल त्याच वेळी गोणपाट अर्धा वर करा. मोत्या जाळीपासून दहा फुटांवर. दोरी मोठ्या माणसाच्या हातात, मुलांच्या नाही. मोत्याने मनीकडे पाहिलं की शांतपणे नाव घ्या, तुमच्याकडे वळला की तुकडा. तिच्याकडे बघणं आणि मग तुमच्याकडे वळणं ही त्याची सवय व्हायला हवी. तो नाव ऐकेनासा झाला, अंग ताठ, तोंड बंद, नजर खिळलेली, तर तुम्ही फार जवळ आहात. ओरडू नका, दोन-तीन पावलं मागे न्या. पाच मिनिटांत खेळ बंद आणि गोणपाट खाली. दिवसातून तीनदा एवढं पुरे. शेवट नेहमी चांगल्या क्षणी करा. अजून एकदा बघू म्हणत लांबवलं की नेमकी तिथेच झेप पडते, आणि एका झेपेने मनीचा आठवडा मागे जातो.

या दोघांचं जे बिनसतं ते बरंचसं भाषेमुळे. पिल्लू पुढचे पाय पसरून ढुंगण वर करतं, तेव्हा ते खेळायला बोलावत असतं. मांजराला ती झेपेची तयारी दिसते. कुत्र्याची हलती शेपूट बहुतेक वेळा आनंदाची, मांजराची सपासप आपटणारी शेपूट म्हणजे आता पुरे. कुत्रा उताणा पडला की तो हार मानतो, दबलेलं मांजर उताणं पडलं की चारही पंजे मोकळे झाले, आणि पिल्लू नेमकं त्या वेळी जवळ जातं. म्हणून फिस्कारल्याबद्दल मनीला कधीही रागावू नका. फिस्कारणं ही तिची सूचना आहे, मारायच्या आधी ती सांगते. सूचनेबद्दल मार बसला तर पुढच्या वेळी ती न सांगता मारेल. तिचे कान सपाट मागे गेले, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या गोल झाल्या, पाठीचे केस उभे राहिले, की त्या दिवसाचं काम संपलं. उलट ती जाळीकडे पाठ करून अंग चाटायला बसली, किंवा मोत्याकडे बघत डोळे हळूच मिटून उघडले, तर काम बरोबर चाललंय.

मनीला कडेवर घेऊन मोत्याजवळ जाणं, ही घरोघरी होणारी चूक. घाबरलेलं मांजर वरच्या दिशेने पळतं, आणि त्या क्षणी वर म्हणजे तुमचा चेहरा. मोत्याला कोंबड्यांच्या डालग्याखाली झाकून मनीला फिरू देणं हीही चूक. कोंडलेलं पिल्लू आतून किंचाळतं, आणि दोघांच्याही डोक्यात एकमेकांचा वास आणि घबराट यांची गाठ बसते. मोत्याला दिवसभर खळ्यात बांधून ठेवण्याचा सल्लाही कुणीतरी देईल. बांधलेल्या कुत्र्याला समोरून जाणारं मांजर दिवसभर चिडवत राहतं, सुटला की तो पहिला तिच्याच मागे लागतो. सासूबाई म्हणतात तसं आपोआप जुळतंही कधीकधी, विशेषतः मांजर तरुण असेल आणि पिल्लू भित्रं. पण तुमच्याकडे नख लागून झालंय आणि मनी वर जाऊन बसली आहे. आता आपोआप होण्यासारखं असेल तर ते एवढंच, की मनी शेजारच्या पडवीत राहायला जाईल.

जाळीतून आठ-दहा दिवस नीट गेले की मग एका खोलीत. मोत्या दोरीवर, बसलेला, मनीला दोन्ही वाटा मोकळ्या. दोघांच्या मध्ये काही ठेवू नका, पण मनीच्या जवळ उंच जागा हवी. त्याआधी तिच्या पुढच्या पंज्यांच्या नखांची टोकं काढून घ्या, नुसता पांढरा टोकदार भाग, एक-दोन मिलिमीटर. आतली गुलाबी रेघ कापली तर रक्त येतं आणि पुन्हा ती हात लावू देणार नाही. ती बाहेर हिंडणारी आहे, तिला झाडावर चढता आलं पाहिजे, म्हणून हे फक्त या काही आठवड्यांपुरतं. दोन आठवडे दोरी तुमच्या हातात, मग दोरी जमिनीवर लोळती, पाय ठेवून थांबवता येईल अशी, आणि मग सुटा. घरात कुणी नसताना दोघांना एकत्र सोडणं मोत्या वर्षाचा होईपर्यंत नाहीच. सहाव्या-सातव्या महिन्यात तो वयात आला की शिकलेलं विसरल्यासारखं करतो आणि पाठलाग परत सुरू होतो. तेव्हा घाबरू नका, दोरी परत बांधा.

औषधांबद्दल जरा जास्त लिहितोय, कारण इथली चूक जिवावर बेतते. पावसाळ्यात मोत्याच्या अंगावर गोचीड आणि पिसवा येणार. दुकानात कुत्र्यांसाठी मानेवर टाकायचे थेंब, पावडरी, फवारे मिळतात. त्यातल्या अनेकांत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं. कुत्र्याला ते चालतं. मांजराच्या यकृताला ते पचवून बाहेर टाकता येत नाही, आणि काही तासांत अंगाला थरथर, लाळ, झटके सुरू होतात. ते मनीला लावलंच पाहिजे असं नाही. औषध लावलेल्या मोत्याला ती अंग घासून गेली, मग स्वतःला चाटलं, एवढ्यानेही होतं. गोचिडासाठी पाण्यात मिसळून लावायचं अमिट्राझही मांजराला तितकंच वाईट. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: घरात मांजर आहे. दोघांना चालणारी औषधं असतात, वजन बघून ते देतील. मनीला पॅरासिटामॉलची गोळी तापावर म्हणून कधीही देऊ नका, एका गोळीने मांजर दगावतं.

तसंच फिनेल. पिल्लू दिवसातून दहा वेळा लादीवर मुततं आणि आपण सवयीने फिनेलचं पोतेरं मारतो. मनी त्याच लादीवरून चालते, पंजे चाटते. फिनेल आणि पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी जंतुनाशकं मांजराला विषारी. लादी असेल तर आधी कोरड्या फडक्याने टिपा, मग साबणाच्या पाण्याने धुवा आणि वर खाण्याच्या सोड्याचं पाणी, लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे. सारवलेली जमीन असेल तर तेवढी माती खरवडून काढून पुन्हा सारवा, वास खाली मुरलेला असतो आणि मोत्या परत तिथेच बसतो. मुळात तो उठला, जेवला, खेळला की लगेच बाहेर न्या. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांपेक्षा जास्त धरवत नाही.

पशुवैद्यकीय दवाखान्याची एक फेरी या आठवड्यात कराच. पिल्लाची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते, मग दर तीन-चार आठवड्यांनी, 16 आठवड्यांपर्यंत. रेबीजची तिसरा महिना पूर्ण झाल्यावर. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार असतो, तो कुत्र्याच्या लघवीतूनही पसरतो, म्हणून त्याचा अंश असलेली लस मागा. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला. मनीची रेबीज आणि त्रिसंयुक्त लस राहिली असेल तर तीही आता, कारण पिल्लांना जीवघेणी हगवण लावणाऱ्या पार्व्हो विषाणूचे हल्लीचे काही प्रकार मांजरालाही लागतात. आणि मुलांना मनीने ओरखडलं किंवा मोत्याचा दात लागला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. पिल्लू लहान आहे, घरचंच आहे, म्हणून थांबायचं नाही.

आता गणपती. तीन आठवड्यांत हे सगळं पूर्ण होणार नाही, आणि व्हायलाही नको. जाळीच्या टप्प्यापर्यंत पोचलात तरी खूप झालं. गणपतीच्या दिवसांत सगळे पाठ बंद ठेवा. गोणपाट खाली, दोघं आपापल्या बाजूला. आरत्या, ढोलकी, जाखडी, फटाके, दारं सताड उघडी आणि मुंबईच्या मुलांना पिल्लू हवंच असणार. माळा त्या दिवसांत मनीचाच ठेवा. वर सामान किंवा पाहुण्यांचं अंथरूण नको, आणि वाळूचं घमेलं, पाणी, जेवण वर पोचवा. शिडीशी एक मोठं माणूस आणि एक साधा नियम: वर कुणी जायचं नाही. मोत्याला खेळवायचं तर पडवीत, दोरीवर, एका वेळी दोन मुलं. प्रसादातले मनुके त्याला नकोत, मनुका-द्राक्षांनी कुत्र्याचं मूत्रपिंड बंद पडू शकतं. गौरीसाठी आणलेली कळलावी जमिनीवर पडू देऊ नका, तिचा कंद आणि पानं-फुलं चावणाऱ्या कोणत्याही जनावराला विष आहे. लिलीची फुलं असतील तर ती मनीपासून दूर, नुसते परागकण चाटले तरी मांजराचं मूत्रपिंड जातं. पाहुणे गेल्यावर दोन दिवस घर शांत होऊ द्या आणि जिथे थांबलात त्याच्या एक टप्पा मागून सुरू करा.

पिल्लू परत देण्याबद्दल विचारलंत. साधारण तीन महिने हे सगळं नीट केलंत आणि तरी मनी तिच्या जागांवर दिवसा येईना, किंवा मोत्या न भुंकता ताठ होऊन तिच्यावर दबा धरू लागला, कोंबड्या धरू लागला, तर मग विचार करा. त्या वेळी घर मोत्यासाठी शोधा, मनीसाठी नाही. पाच महिन्यांचं पिल्लू नव्या माणसांत आठवड्यात रुळतं. सहा वर्षांचं मांजर पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडण्याची पद्धत आपल्याकडे आहे. कृपा करून तो विचार घरात कुणाला करू देऊ नका. ते मांजर परत यायला निघतं, आणि रस्त्यावर किंवा दुसऱ्या गावच्या कुत्र्यांत संपतं.

पावसातलं खरं भांडण मात्र चुलीजवळच्या उबेवरून होतं, ते आधीच मिटवून टाका. ती जागा मनीची. मोत्याला पडवीच्या वाऱ्याआडच्या कोपऱ्यात पाटावर गोणपाट, त्यावर जुनी गोधडी, आणि रात्री कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून कुशीला. पिल्लू रडतं ते बहुतेक थंडीने आणि एकटेपणाने, बाटली कुशीला लागली की निम्मं रडणं थांबतं. पडवी उघडी असेल तर रात्री त्याला आत माजघरात घ्या, शिडीकडची बाजू बंद करून. बाहेर बिबट्या फिरतो आणि गडग्यातून फुरसं निघतं, एवढं लहान पोर रात्री अंगणात नको. मनी रात्री खाली उतरते त्या वेळेला, साधारण दहानंतर, मोत्या आत बंद असला पाहिजे आणि कट्ट्यावर तिची ताटली भरलेली. आज रात्रीपासून एवढं करा.